उजवी पाकळी, डावी पाकळी

माणसं निवडणं हे जगातलं सगळ्यात बोअर काम आहे, असं मला वाटायचं. एक्सेल शीट उघडायची, नावं डावीकडे, स्किल्स वर, मध्ये एक ते पाच मार्क. बेरीज केली की झालं. शाळेच्या सहलीला जाताना बाई करायच्या तसंच, फक्त पगार घेऊन.

मग गेल्या वर्षी याच शीटने मला तोंडघशी पाडलं. त्यामुळे जेव्हा बॉसने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, 'हॉस्पिटलचं काम आपल्याला मिळालंय, तुझ्या अकरा जणांमधून तीन निवड,' तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. काम साधं नव्हतं. परगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलची जुनी सिस्टीम बंद करून नवी सुरू करायची. चौदा आठवडे. काम रात्री अकरा ते सकाळी सहा, कारण दिवसा ओपीडीला सिस्टीम लागते. आणि चूक झाली तर 'सॉरी, उद्या फिक्स करतो' म्हणण्याची सोय नाही. एका रुग्णाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावासमोर गेला, तर त्याला बग म्हणत नाहीत.

'सोमवारपर्यंत नावं दे,' बॉस म्हणाले. तो दिवस मंगळवार होता.

बुधवारी मी चार वेळा यादी केली आणि चार वेळा फाडली. रात्री आईला फोन केला. आमचं मूळ गाव सिंधुदुर्गात. बाबा रिटायर झाल्यापासून आई-बाबा तिकडेच असतात. मी सगळं सांगितलं, म्हणजे रडगाणंच गायले. आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ''गावाक ये. देवाक कौल लाव नि मोकळी हो.''

तुम्ही हसाल. मीही हसले. कोकणातल्या नसलेल्यांसाठी सांगते. कौल लावणं म्हणजे देवाला प्रश्न विचारणं. गुरव देवाच्या पाषाणावर फुलाच्या ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. लग्न, घर, विहीर, कोर्टकचेरी, सगळं या पाकळ्यांवर ठरलेलं मी लहानपणी बघितलंय. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा, जिला लाखो लोक लोटतात, तिची तारीखसुद्धा पंचांग बघून नाही, कौल घेऊन ठरते. आचऱ्याला तर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातं, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांमध्ये राहतं आणि कौल मिळाला की परत येतं. त्याला गावपळण म्हणतात.

पण रिसोर्स अलोकेशनसाठी कौल? हिंजवडीत कुणाला कळलं असतं तर अप्रेझलपर्यंत जोक चालले असते.

चहाच्या टपरीवरचा गिदोन

एकाला मात्र मी सांगितलं. आमच्या फ्लोअरवर वसईचा एक सहकारी आहे. घरी वसईची मराठी बोलतो, दर रविवारी चर्चला जातो आणि टपरीवरचा कटिंग त्याच्याशिवाय गोड लागत नाही. मला वाटलं तो टिंगल करेल. त्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि विचारलं, ''तुला गिदोन माहितीये?''

मला नव्हता माहीत. त्याने सांगितलेली गोष्ट अशी. बायबलच्या जुन्या करारात गिदोन नावाचा एक माणूस आहे. शत्रूची प्रचंड फौज समोर आणि याच्याकडे बत्तीस हजार माणसं. देव त्याला म्हणतो, माणसं जास्त झाली, जिंकलात तर म्हणाल की आम्हीच जिंकलो. म्हणून पहिली चाळणी लाव. ज्याला भीती वाटते त्याने घरी जावं. बावीस हजार निघून गेले! उरले दहा हजार. मग त्यांना पाण्यावर नेलं आणि पाणी कोण कसं पितो यावरून दुसरी चाळणी लावली. शेवटी राहिले तीनशे. आणि तीनशेंनी काम केलं.

''मला यातलं काय आवडतं सांगू?'' तो म्हणाला. ''देवाने कोण हुशार, कोण ताकदवान हे विचारलंच नाही. आधी विचारलं, कोणाला घरी जायचंय? आणि जे गेले त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.''

पुढे त्याने मत्थियाचीही गोष्ट सांगितली. येशूच्या बारा शिष्यांपैकी यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा उरलेल्यांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव आलं. ''पण चिठ्ठ्या सगळ्या गावाच्या नाही टाकल्या,'' तो म्हणाला. ''जो सुरुवातीपासून सोबत होता, ज्याने सगळं डोळ्यांनी बघितलं, अशांचाच विचार केला. त्यातून दोन नावं पुढे आली. मग देवाला म्हणाले, या दोघांतला कोण ते तू सांग.''

मी चहाचे पैसे दिले आणि शुक्रवारची रजा टाकून रात्रीची बस पकडली.

'तेंका इचारलंस?'

आमचं रवळनाथाचं देऊळ लहानसं आहे. चिऱ्याच्या भिंती, समोर दीपमाळ, मागे सुरंगीची झाडं. शनिवारी सकाळी अंघोळ करून, आईने दिलेली जास्वंदीची आणि अनंताची फुलं घेऊन मी गेले. पर्समध्ये घडी घातलेली एक्सेल शीट होती. प्रिंटआउट! देवाकडे जातानाही मी प्रिंटआउट घेऊन गेले होते.

गुरवकाकांनी मला लहानपणापासून पाहिलंय. ''काय गो, कधी इलंस?'' झालं, चौकशा झाल्या, मग त्यांनी विचारलं, ''देवाक काय इचारूचा हा?''

मी कागद उघडला. अकरा नावं, त्यातल्या तिघांना मी पेनाने गोल केलं होतं. म्हटलं, ''काका, ही तीन माणसं बरोबर आहेत का तेवढं विचारायचंय. नसतील तर दुसऱ्या तिघांसाठी परत विचारू.''

काकांनी चष्मा वर केला. कागद हातातही घेतला नाही. म्हणाले, ''त्या माणसांका इचारलंस?''

''म्हणजे?''

''जाशात काय म्हणान. तेंका इचारलंस?''

मी गप्प. ऑफिसात असं कोण विचारतं? सांगतात. मेल जातो. 'कॉन्ग्रॅच्युलेशन्स, यू आर पार्ट ऑफ...' वगैरे.

''आदी तेंका इचार, मगे देवाक,'' काका म्हणाले. ''देव काय तुमच्या हापिसातलो सायब नाय, यादीवर सही करूक.'' आणि सरळ झाडू घेऊन अंगण झाडायला लागले.

मी पायरीवर बसून राहिले आणि मला गेल्या वर्षीची ती मुलगी आठवली. माझ्या टीममधली सगळ्यात ज्युनिअर. कामाला वाघ, कधी कुरकुर नाही, शीटवर सगळीकडे पाच पैकी पाच. तिला मी असंच एका रात्रपाळीच्या कामावर टाकलं होतं. सहाव्या आठवड्यात पहाटे चार वाजता ती पॅन्ट्रीत कॉफी मशीनच्या बाजूला जमिनीवर बसलेली सापडली. रडत नव्हती, नुसती बसली होती. पुढच्या सोमवारी राजीनामा. शेवटच्या दिवशी मी तिला म्हटलं, तू मला आधीच नाही का म्हणालीस? ती म्हणाली, ''मॅम, नाही कशाला म्हणणार होते? तुम्ही विचारलंच नव्हतं.''

वर्षभर मी स्वतःला सांगत होते की माझी निवड चुकली. पायरीवर बसून कळलं की निवड बरोबरही असेल कदाचित. विचारायचंच राहून गेलं होतं.

सड्यावरून अकरा फोन

आमच्या गावात नेटवर्क मिळतं ते फक्त शाळेच्या मागच्या सड्यावर. तेही एका करवंदीच्या जाळीजवळ उभं राहिलात तर. शनिवारची दुपार आणि रविवार सकाळ मी तिथे काढली. अकरा जणांना अकरा फोन. प्रत्येकाला काम जसं आहे तसं सांगितलं. चौदा आठवडे, रात्र, परगाव, चुकीला माफी नाही. आणि मग वसईकराकडून उसना घेतलेला प्रश्न, ''तुला याची भीती वाटते का? वाटत असेल तर कशाची? नाही म्हणालास तर अप्रेझलमध्ये एक मार्कही कापणार नाही, शब्द देते.''

पहिले दोन फोन फारच विचित्र झाले. त्यांना वाटलं मी दारू प्यायलेय. मग लोक बोलायला लागले.

एकाच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दोन वर्षं तो माझ्या बाजूला बसतोय, मला पत्ता नाही. एकीची परीक्षा. एकीने जे सांगितलं ते तिने अजून ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. माझ्या यादीतलं एक नंबरचं नाव, फाडफाड इंग्रजी बोलणारा, क्लायंटचा लाडका, तो जरा वेळ थांबून म्हणाला, ''खरं सांगू? रात्री बारानंतर माझं डोकं चालत नाही. मी कुणाच्या तरी रिपोर्टची वाट लावीन, याची भीती वाटते.'' त्याच्या आवाजात इतकी सुटका होती की मीच त्याला थँक यू म्हटलं.

आणि नवव्या नंबरवरची आमची टेस्टर. मीटिंगमध्ये जिचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून जिला मी कम्युनिकेशनमध्ये दोन मार्क दिले होते. ती म्हणाली, ''भीती वाटते. पण मला यायचंय. माझी आई पाच वर्षं फायलींची पिशवी घेऊन हॉस्पिटलमध्ये फिरत होती. प्रत्येक खिडकीवर पहिल्यापासून सांगायला लागायचं. मला माहितीये, काय काय हरवतं ते.''

अशा कारणासाठी एक्सेलमध्ये कॉलमच नाही.

रविवारी दुपारी माझ्याकडे तीन नावं होती. तिघांनी आपणहून हो म्हटलं होतं, तिघांना काम येत होतं. आधीच्या यादीतलं त्यात एकच. छाती पुढे काढून मी देवळात गेले.

काकांनी पाकळ्या ओल्या करून लावल्या. गाऱ्हाणं सुरू झालं, ''बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू मोठ्या कामाक हात घालता हा, तीन माणसां निवडलेली आसत...'' मागे बाबा आणि शेजारचे दोन काका 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. मी हात जोडून उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. देवळात फक्त समईची वात तडतडत होती.

डावी पाकळी पडली.

मला रडूच फुटलं. आता काय? परत अकरा फोन? काका मात्र अजिबात गोंधळले नाहीत. ''देवान डावो दिल्यान म्हणजे कायतरी ऱवला हा,'' ते म्हणाले. माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी सहज विचारलं, ''तू जातलंस मां तेंच्या वांगडा?''

मी जाणार नव्हते. प्लॅनच तसा होता. तिघं तिकडे, मी पुण्यातून रोज सकाळी नऊला कॉल घेणार, स्टेटस विचारणार, डॅशबोर्ड लाल झाला की एस्कलेट करणार. बजेट तिघांचंच होतं, हे कारण माझ्याकडे तयार होतं. पण खरं कारण ते नव्हतं. पहाटे चार वाजता पॅन्ट्रीत पुन्हा कुणाला तसं बसलेलं बघायची माझी तयारी नव्हती. अकरा जणांना मी भीतीबद्दल विचारलं आणि बारावीला विचारायचं राहिलं.

मी तिथेच, चपला न घालता, सड्यापर्यंत जवळजवळ धावत गेले. बॉसला फोन केला. रविवार संध्याकाळ, ते वैतागले. मग म्हणाले, राहण्या-जेवणाचं बजेट बघू, पण मग पुण्याची टीम कोण बघणार? मी डायलिसिसवाल्याचं नाव घेतलं. पुण्यात राहायचंय आणि काम मोठं हवंय, असं तो स्वतः फोनवर म्हणाला होता. पाच सेकंद शांतता. ''ओके,'' बॉस म्हणाले.

परत येऊन काकांना सांगितलं. पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाऱ्हाणं. या वेळी काकांनी 'चार माणसां' म्हटलं. बराच वेळ गेला. मग उजवी पडली.

आता इंजिनीअर म्हणून बोलते

ओली पाकळी सुकली की पडते. कुठली आधी पडणार हे पाणी किती, दगड कसा, वारा कुठून, यावर ठरतं. मला हे माहीत आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच उजवी पडली असती तर? तर मी पुण्यात बसून स्टेटस कॉल घेतले असते आणि हा लेख लिहिला नसता. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आईकडे आहे. ती म्हणते, म्हणूनच तर डावी पडली.

परतल्यावर मी या विषयावर वाचत सुटले. तामिळनाडूत उत्तरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवळाच्या भिंतींवर दहाव्या शतकातले, चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले शिलालेख आहेत. गावाच्या समित्यांवर, अगदी तलावाची देखभाल करणाऱ्या समितीवरसुद्धा, माणसं कशी निवडायची ते त्यात कोरलंय. नावं ताडपत्रांवर लिहायची, मडक्यात घालायची आणि चिठ्ठी लहान मुलाच्या हाताने काढायची. पण त्याआधी? वय पस्तीस ते सत्तर, स्वतःच्या जागेवर घर, आणि ज्याने मागच्या खेपेला हिशोब दिला नाही त्याचं नाव मडक्यात जाणारच नाही. त्याच्या नातेवाइकांचंही नाही!

शबरीमलैचे मुख्य पुजारी, मेलशांती, वर्षभरासाठी निवडले जातात तेही चिठ्ठीनेच. ऑक्टोबरच्या मध्यात, मल्याळी तुलाम महिन्याच्या पहिल्या दिवशी, देवासमोर लहान मूल चिठ्ठी काढतं. पण त्या भांड्यात नाव पडण्याआधी मुलाखत झालेली असते. इजिप्तमध्ये 4 नोव्हेंबर 2012 रोजी कॉप्टिक ख्रिश्चनांचे पोप तावाद्रोस निवडले गेले. डोळे बांधलेल्या एका मुलाने चिठ्ठी काढली, पण तीनच नावांमधून, आणि ती तीन नावं आधी मतदान होऊन आलेली होती.

म्हणजे बघा, ज्यांनी निवड देवावर सोडली त्यांनीही आपला होमवर्क देवावर सोडला नव्हता. जेवढं माणसाला कळू शकतं तेवढं कळून घ्यायचं, वशिल्याची नावं आधीच बाहेर ठेवायची आणि मग शेवटच्या पावलावरचा 'मी निवडलं' हा तोरा तेवढा देवाच्या पायाशी ठेवायचा. लहान मूल कशासाठी? तर त्याला कुणाचा मामा कोण हे माहीत नसतं.

उलटंही चालतं, हे मी बघितलंय. स्वतःला हवं ते करायचं आणि देवाचं नाव पुढे करायचं. मनासारखा कौल येईपर्यंत पाकळ्या लावत बसायचं. टीमला 'तुमची निवड देवाने केलीय' असं सांगितलं असतं तर मीही तेच केलं असतं. त्यांना नाही म्हणायची वाटच उरली नसती. म्हणून मी शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला काही सांगितलं नाही.

काम सोपं गेलं का? छे. नवव्या आठवड्यात एका रात्री सारख्या नावांच्या दोन रुग्णांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या. पहाटे पावणेचारला आमच्या टेस्टरने ते पकडलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला, ''थांबा!'' आम्ही सगळं मागे घेतलं. तारीख एक आठवडा पुढे गेली. सकाळी क्लायंटने जी झाडपट्टी केली ती झेलायला मी तिथे उभी होते, नऊच्या कॉलवर नव्हते. त्या रात्री पॅन्ट्रीत चौघंही जमिनीवर बसलो होतो. पण बोलत होतो, मॅगी खात होतो.

सिस्टीम सुरू झाल्यावर मी गेल्या वर्षीच्या त्या मुलीला फोन केला. आता ती दुसरीकडे आहे, बरी आहे. मी माफी मागितली. ती म्हणाली, ''मॅम, त्यात काय.'' मग थोडं थांबून म्हणाली, ''बरं वाटलं पण.''

पुढच्या महिन्यात नवीन काम येतंय. पुन्हा नावं द्यायची आहेत. एक्सेल शीट अजून आहे, मार्कही देते. फक्त आता सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, माझं नाव असतं. ते पुसायचं असेल तर आधी मला विचारावं लागतं, कशाची भीती वाटते गं?